हिंगणघाटची अक्षरे किती?



हिंगणघाट हा शब्द मोजा. आपल्या जिल्ह्यातले कुठलेही शाळकरी पोर बोटांवर पाच अक्षरे सांगेल. संकेतस्थळे चालविणारी ‘पीएचपी’ ही भाषा मात्र आपल्या जुन्या ‘स्ट्रलेन’ने चोवीस सांगते! ती अक्षरे मोजतच नाही, बाइट मोजते. आणि युटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. रासमुस लेरडॉर्फ यांनी ती १९९४ च्या सुमारास स्वतःच्या पानापुरती लिहिली. त्यांच्यापुढे हिंगणघाट कुठून असणार?

२०१९ मध्ये ७.४ या आवृत्तीत ‘एमबी_स्ट्र_स्प्लिट’ आले. त्याने तुकडे आठ पाडले. मी हौसेने मराठी शब्दकोडे करायला बसलो, तर पहिल्या चौकोनात उघडा ह, दुसऱ्यात निराधार वेलांटी, तिसऱ्यात नुसता अनुस्वार! कोडे तसेच पडून राहिले.

नोव्हेंबर २०२४ च्या ८.४ मध्ये ‘ग्राफीम_स्ट्र_स्प्लिट’ मिळाले : हिं, ग, ण, घा, ट. अक्षरांची मोजणी ‘ग्राफीम_स्ट्रलेन’ने पूर्वीही होत असे, अक्षरशः तोडणी ही नवी. त्यासाठी ‘इंटल’ हा विस्तार बसवलेला हवा, हे हौशी मंडळींनी विसरू नये.

जोडाक्षराचे दुखणे निराळे. ते एकसंध ठेवण्याचा नियम युनिकोडने २०२३ मध्ये, १५.१ आवृत्तीत घातला. म्हणून घरी गेल्यावर आधी ‘वर्धा’ घालून पाहा. व आणि र्धा असे दोनच तुकडे आले तर कोडे करायला घ्या. तीन आले, तर तुमच्या यंत्रावरील ‘आयसीयू’ जुने आहे, ते आधी बदला.