सायकलीकडं जरा बघता का?



राजूरच्या गणपतीला मी अधूनमधून सायकलनं जातो. जालन्याहून पंचवीसेक किलोमीटरचा रस्ता. पहाटे निघालं की ऊन तापायच्या आत टेकडीवरचं देऊळ दिसायला लागतं. या रस्त्यावर मी बहुतेक वेळा एकटाच असतो आणि एकट्यानं सायकल चालवण्याचं सुख मला सोडवत नाही. पण दोघं जण असले की एक दर्शनाला जातो आणि दुसरा सायकली धरून उभा राहतो. एकट्याला ती सोय नाही. चपला काढायच्या, हातपाय धुवायचे, नारळ घ्यायचा, रांगेत उभं राहायचं आणि तेवढा वेळ सायकल बाहेर सोडायची. मला आज बोलायचं आहे ते त्या तेवढ्या वेळाबद्दल.

माझी एक सायकल अशीच गेली. पुष्कळ वर्षं झाली. एका कचेरीत अर्ज घ्यायला गेलो होतो. मागच्या चाकाला बसवलेलं कुलूप लावलं, सायकल स्टँडवर घेतली, आत गेलो. खिडकीपाशी दोनच माणसं होती, म्हणजे फार तर पाच मिनिटं. बाहेर आलो तर धुळीत स्टँडचे दोन खड्डे तेवढे राहिले होते. त्यांच्याकडं मी किती वेळ बघत उभा होतो, आठवत नाही. पोलीस ठाण्यात गेलो तेव्हा हवालदारांनी आपुलकीनं चौकशी केली. कशी होती सायकल? मी म्हटलं, काळी, चोवीस इंची, मागं कॅरिअर. नंबर काय? मला माहीत नव्हता. सायकलीला नंबर असतो हेच मला त्या दिवशी कळलं. काळी, चोवीस इंची, मागं कॅरिअर असलेल्या सायकली तेव्हा गावात किती असतील, तुम्हीच सांगा.

१९४८ साली व्हित्तोरियो दे सिका या इटालियन दिग्दर्शकानं ‘बायसिकल थीव्ज’ नावाचा चित्रपट केला. त्यातल्या बेकार माणसाला भिंतींवर जाहिराती चिकटवण्याचं काम मिळतं, पण सायकल असेल तरच. गहाण पडलेली सायकल सोडवायला त्याची बायको घरातल्या चादरी गहाण टाकते. आणि कामाच्या पहिल्याच दिवशी, तो शिडीवर चढून जाहिरात चिकटवत असताना, सायकल जाते. तो चित्रपट मी सायकल गेल्यानंतर पाहिला, म्हणून कदाचित जास्त लागला. माणूस कुठं झोपलेला नाही, गाफील नाही. हातात खळ आहे, नजर भिंतीवर आहे, आणि सायकल पाठीमागं आहे. एकट्याची सायकल अशीच जाते. हात गुंतलेले असतात तेव्हा.

म्हणून कुलपाचं नीट समजून घेऊ. मागच्या चाकाला बसवून मिळणारं कुलूप फक्त चाक फिरू देत नाही. सायकल जागची हलू नये यासाठी ते काहीच करत नाही. मागचं चाक उचलून दोन माणसं ती सायकल टेम्पोत टाकू शकतात, एक माणूस खांद्यावर मारून गल्लीत शिरू शकतो. त्यामुळं दुसरं कुलूप हवं, साखळीचं, आणि ते सायकलीला सायकलीतच गुंतवायचं नाही. एखाद्या न हलणाऱ्या वस्तूला गुंतवायचं. विजेचा खांब, कचेरीच्या खिडकीचे गज, देवळाच्या आवारातला लोखंडी कठडा. साखळी फ्रेममधून आणि मागच्या चाकातून अशी दोन्हींतून गेली पाहिजे. नुसत्या पुढच्या चाकाला लावली तर चोर चाक तुमच्यासाठी ठेवतो आणि बाकीची सायकल नेतो. हल्लीच्या महागड्या सायकलींचं चाक तर पान्याशिवाय, नुसती खिट्टी फिरवून निघतं. खांब बुटका असेल तर साखळीसकट सायकल वरून काढून घेता येते, आणि नुकतंच लावलेलं झाड तर करवतीच्या दहा फटक्यांत आडवं होतं, मग झाडही जातं आणि सायकलही. साखळी जमिनीवर लोळू देऊ नये. जमिनीचा आधार मिळाला की हातोडीनं घाव घालणं सोपं होतं. प्लॅस्टिकच्या वेष्टणातली बारीक तार दिसायला छान असते, पण चांगल्या कटरपुढं ती टिकत नाही. जाड कड्यांची साखळी किंवा यू आकाराचं पोलादी कुलूप घ्यावं. वजन होतं, मान्य आहे. पाण्याची बाटली नेतो तसंच ते न्यायचं.

आपल्या जिल्ह्यात कुलपाचा आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे काळी माती. जून-जुलैत शेतरस्त्यानं आलेल्या सायकलीच्या मडगार्डात चिखल भरतो, तसाच तो कुलपातही जातो. वाळला की किल्ली फिरत नाही. मग मुलं काय करतात? कुलूप लावायचंच सोडून देतात. किल्लीचं भोक खाली तोंड करून राहील असं कुलूप लावा आणि पंधरा दिवसांनी तेलाचे दोन थेंब सोडा. एवढ्यानं पावसाळा निघतो.

आणि जिथं खांबच नाही तिथं? वावराच्या बांधावर, नाल्याच्या पुलावर, आडवाटेच्या हॉटेलापुढं? तिथं मी चेन उतरवून ठेवतो. पुढच्या दातेरी चाकावरून चेन खाली काढून ठेवली की कुणी टांग मारून पळू म्हटलं तर पायडल नुसतं फिरतं. गिअरची सायकल असेल तर सगळ्यात जड गिअरवर ठेवावी. यानं चोरी थांबत नाही, पण चार-पाच क्षण मिळतात आणि ओरडायला चार-पाच क्षण पुरतात. चहा घ्यायचा तर सायकलीकडं पाठ करून बसू नये. आणि कुणी रस्त्यात भेटून सायकलीचं फार कौतुक केलं, ‘एक चक्कर मारून बघू का?’ म्हणालं, तर हसून नाही म्हणावं. त्यात कसला अपमान नाही.

पण खांबापेक्षाही मला माणसाचा भरवसा जास्त वाटतो. राजूरला माझी एक ठरलेली जागा आहे. नारळाच्या दुकानात एक मावशी बसतात. पहिल्यांदा मी घाबरत घाबरत विचारलं होतं, ‘मावशी, सायकलीकडं जरा बघता का?’ त्या म्हणाल्या, ‘बघते ना, जा तुम्ही.’ आता मी दिसलो की त्या आपणहून हातानंच सांगतात, इथं लावा. तरीही मी साखळी लावतोच, कारण मावशींवर ओझं टाकायचं नाही. त्यांच्यापुढं गिऱ्हाईक असतं, त्यांनी किती बघायचं? पण ही सायकल अमक्याची आहे, तो आत गेलाय, एवढं एका माणसाला माहीत असलं तरी फरक पडतो. चोराला कुणाचीच नसलेली सायकल हवी असते. आपल्याकडं अनोळखी माणसाला असं विचारता येतं आणि ऐकणाराही सहसा नाही म्हणत नाही. मुक्कामाचा प्रवास असेल तर सायकलीच्या जागेची चौकशी उजेडातच करावी. धर्मशाळा असो, देवळाची ओसरी असो की शाळेचा वऱ्हांडा, पिशव्या उतरवायच्या आधीच विचारावं की सायकल आत घेता येईल का. अंधार पडल्यावर विचारलं तर मिळेल ती जागा घ्यावी लागते.

आता मुलींबद्दल, कारण आपल्या जिल्ह्यात एकटीनं सायकल चालवणाऱ्यांत त्या फार मोठ्या संख्येनं आहेत. जालना जिल्हा राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात पहिल्यापासून आहे. त्यातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळतं. आधी ते साडेतीन हजार रुपये होतं, नंतर पाच हजार झालं. मंठा, परतूर, घनसावंगी, भोकरदन, कुठल्याही तालुक्यात सकाळी रस्त्यावर उभे राहा, दोन वेण्या आणि पाठीला दप्तर अशा मुली सायकलींवरून येताना दिसतील. त्या सायकलीमुळं किती जणींची शाळा टिकली, हे शिक्षक म्हणून मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सायकल गेली की एखाद्या घरात दुसरी येत नाही. मग वडील म्हणतात, राहू दे आता, आणि शाळा तिथंच संपते. म्हणून त्या सायकलीची चोरी मला साधी चोरी वाटत नाही.

या सायकली बहुतेक एकसारख्या दिसतात, त्यामुळं शाळेच्या आवारात अदलाबदलही होते. चेनच्या कव्हरवर ऑइल पेंटनं नाव घाला. शिवाय सीटची नळी वर काढून आत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली नावाची चिठ्ठी घाला. चोर रंग खरवडतो, स्टिकर काढतो. नळीत बघायचं त्याच्या डोक्यात येत नाही.

आणि पावती. हे मी सगळ्या पालकांना हात जोडून सांगतो. अनुदानासाठी पावती शाळेत द्यावी लागते, ती देण्याआधी तिचा फोटो काढून ठेवा. कारण असं आहे. १ जुलै २०२४ पासून देशात भारतीय न्याय संहिता लागू झाली. चोरीचं जुनं ३७९ कलम गेलं, ३०३ आलं. चोरलेल्या वस्तूची किंमत पाच हजारांहून कमी असेल, आरोपीचा पहिलाच गुन्हा असेल आणि त्यानं ती वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा होते. पोरवयात वाट चुकलेल्याला तुरुंगात न घालता सुधारायची संधी मिळावी, हे मला पटतं. पण पाच हजारांच्या आतली अशी चोरी कायद्यानं अदखलपात्र धरली आहे. म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पोलिसांना तपास सुरू करता येत नाही. पाच हजार किंवा त्याहून जास्त किंमत असेल तर सरळ गुन्हा दाखल होतो. मुलीची सायकल नेमकी या रेषेवर उभी आहे! पावतीवर पाच हजार दोनशे आहेत की साडेचार हजार, यावर पुढचं बरंचसं अवलंबून राहतं. पावती नसली तर किंमत कुणी सांगायची? किंमत कमी असली म्हणून तक्रार देऊ नये असं मात्र नाही. तक्रार द्याच आणि तिची प्रत घ्या. सायकल पुढं कुठं सापडली तर तोच कागद कामी येतो. ठाण्यांच्या आवारात गंजत पडलेल्या सायकली तुम्हीही पाहिल्या असतील. सापडलेली वस्तूही मालकी दाखवल्याशिवाय ताब्यात मिळत नाही.

पूर्वी महाराष्ट्रातल्या अनेक नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि त्याचा पत्र्याचा किंवा पितळी बिल्ला देत. लोकांना तो जाच वाटायचा. पण त्या बिल्ल्यावर नंबर असे आणि नंबराची वहीत नोंद असे. जपानमध्ये १९९४ पासून प्रत्येक सायकलीची अशी नोंद सक्तीची आहे आणि पोलीस स्टिकरवरून मालक शोधतात. आपला बिल्ला गेला तो गेलाच. निदान शाळांनी आपल्या मुलींच्या सायकलींचे नंबर एका वहीत लिहून ठेवावेत, एवढं तरी व्हायला हवं. शंभर सायकलींना एक दुपार पुरेल.

जुनी सायकल स्वस्तात मिळते म्हणून घेणाऱ्यांनाही सांगतो. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून, किंवा तसं समजण्यासारखं असून, विकत घेणं हाही गुन्हाच आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आपलं जालना पोलादाचं गाव, इथं भंगाराला किलोवर भाव आहे. चांगली चालती सायकल कुणी भंगारात घालायला आणली तर दुकानदारानं एकदा तरी विचारावं, बाबा, कुणाची आहे?

शेवटी निर्जन रस्ता. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांनी २०१८ मध्ये एकटीनं सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली, एकोणतीस हजार किलोमीटरच्या आसपास. तेव्हा त्या अवघ्या वीस वर्षांच्या होत्या. स्पेनमध्ये त्यांना चाकूचा धाक दाखवून लुटलं. त्या सावरल्या आणि प्रवास पुरा केला. असं कुणावर आलंच तर वस्तू देऊन टाकावी. सायकलीसाठी अंगावर वार घेऊ नये. आपल्यामागं कुणी येतंय असं वाटलं तर घराच्या दिशेनं न जाता पेट्रोल पंप, ढाबा, दूध डेअरी, जिथं माणसं असतील तिथं वळावं आणि ११२ ला फोन लावावा. निघतानाच घरच्या कुणाला तरी व्हॉट्सअॅपवर आपलं लाइव्ह लोकेशन दिसेल असं करून ठेवावं. ते एका वेळी आठ तासांपर्यंत दिसत राहतं. आणि चोरीची सायकल अमक्या गल्लीत दिसली असं कळलं तर एकट्यानं आणायला जाऊ नये. मी गेलो असतो, त्या वयात नक्की गेलो असतो. पण जाऊ नये.

आता हे बोलणं संपलं की एक काम करा. सायकल उलटी करा, सीट आणि हँडल जमिनीला टेकवून. दोन्ही पायडलांच्या मध्ये जो जाड लोखंडी गोळा असतो, त्याच्या तळाला चिखल बसलेला असेल. रॉकेलच्या नाहीतर डिझेलच्या फडक्यानं पुसा. तिथं खोदलेले आकडे आणि अक्षरं दिसतील. तिथं नसतील तर सीटच्या खालच्या नळीवर बघा. पोरांना वाचायला सांगा, त्यांची नजर चांगली असते. तो नंबर वहीच्या शेवटच्या पानावर लिहा, बाजूला सायकलीचा रंग आणि घेतल्याची तारीख लिहा. मग सायकल सरळ करून ठेवा. सकाळी शाळा आहे.