चावी कोणी दिली?

(तरुण संघ व महिला मंडळाच्या संयुक्त सभेत दिलेले भाषण)



गेल्या उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत, आमच्या वसतिगृहात शिकलेला एक मुलगा मोहाची दारू पिऊन काकांच्या मोटारसायकलवर निघाला आणि पायी चाललेल्या एका म्हाताऱ्या बाबांना त्याने धडक दिली. बाबांचा पाय मोडला. जीव वाचला, याबद्दल देवाचे आभार मानतो.

रात्री फोन आला. मी ठाण्यात पोचलो तेव्हा मुलाला मोठ्या आरोपींबरोबर बसवले होते, कारण आधार कार्डावर त्याचे वय एकोणीस होते. आपल्या पाड्यांवर जन्मतारखा कशा लागतात ते तुम्ही जाणता. शिबिरात कोणीतरी चेहरा पाहून वर्ष सांगतो, तेच कायम होते. पण बाल न्याय अधिनियम 2015, कलम 94 प्रमाणे वय ठरवताना आधी शाळेचा दाखला पाहतात. तो नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. शाळेच्या दाखल्यावर तो सोळाचा होता. पहाटे मुख्याध्यापकांना उठवून तो दाखला आणला आणि प्रकरण बाल न्याय मंडळाकडे गेले. अठराच्या आतील मुलाला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, चोवीस तासांच्या आत मंडळासमोर न्यावे लागते, आणि जामीन हा नियम आहे, नकार हा अपवाद. वकिलासाठी बैल विकू नका. बालकांना आणि आदिवासींना, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो.

एवढे ऐकून कोणी म्हणेल, मग पोर सुटलेच की! पुण्यातल्या मे 2024 च्या अपघातानंतर तीनशे शब्दांच्या निबंधाची बातमी सर्वांनी वाचली. त्याच प्रकरणात वडिलांनाही अटक झाली, ते मात्र लोक विसरतात.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 प्रमाणे 100 मिलिलीटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य सापडले तर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. मुलाच्या बाबतीत मंडळ समुपदेशन, समाजसेवा असा मार्ग काढू शकते. मोठ्यांना तशी सवलत नाही. 2019 च्या दुरुस्तीने आलेले कलम 199अ पालकाला किंवा गाडीच्या मालकाला दोषी धरते: तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. आमच्या मुलाला जीपचा ड्रायव्हर व्हायचे होते. शिवाय चालवणाऱ्याकडे परवाना नसला की विमा कंपनी जखमीला दिलेली भरपाई पुष्कळदा मालकाकडून वसूल करते. आणि लग्नात कौतुकाने पोराच्या हाती पेला देणाऱ्यांनो, बालकाला दारू देण्याला बाल न्याय अधिनियमाच्या कलम 77 खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे.

मालकाला बचाव आहे. गाडी माझ्या नकळत नेली, किंवा ती नेऊ नये म्हणून मी पुरेशी काळजी घेतली होती, हे त्याने सिद्ध करायचे. काका दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे आले. "सर, तुम्ही एवढेच सांगा, पोराने चावी न विचारता घेतली. तुमचा शब्द सगळे मानतात."

त्या लग्नात मीही जेवायला होतो. मी निघालो तेव्हा मुलगा अंगणात गाडी फिरवत होता आणि काका खाटेवर बसून हसत पाहत होते. मी पाहिले, आणि काही न बोलता माझ्या गाडीला किक मारली. आणखी एक कबुली देतो. त्या मुलाला चौदाव्या वर्षी वसतिगृहामागच्या मैदानावर गाडी शिकवली ती मीच, बाजारातून डाळ-तांदूळ आणायला सोय व्हावी म्हणून.

काकांना मी म्हणालो, "खोटे सांगणार नाही. पण प्रत्येक तारखेला तुमच्याबरोबर येईन." ते उठून गेले. चार महिने बोलले नाहीत, उपासनेलाही आले नाहीत. त्या काळात रविवारी वेदीपुढे उभे राहणे मला जड गेले, हे लपवत नाही.

मंडळाने मुलाला समुपदेशन आणि आरोग्य केंद्रात सेवा करायला सांगितले. बाबांच्या घरी तो आपणहून जातो. त्यांच्या शेळ्यांना पाला आणून देतो. बाबा अजून काठी टेकूनच चालतात.

काकांचा खटला चालू आहे. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. म्हणाले, "सर, पुढची तारीख गुरुवारी आहे. सकाळच्या एसटीने निघू या का?"