सीमेवरची मोटार

पोळ्याच्या दिवशी सौसर-पांढुर्ण्याकडे बैलांची शिंगे रंगवितात, पाठीवर झूल घालतात, गळ्यात घुंगुरमाळा बांधतात. सण सरला की शिंगांवर रंग राहो वा जावो, बैल तोच असतो आणि औताला जुंपला जातो. मोटारीच्या शृंगाराचे मात्र तसे नाही. या भागातील गॅरेजांसमोर तरुण मंडळी जमली म्हणजे रुंद टायर, मोठ्या आवाजाचे सायलेन्सर, झगझगीत पांढरे दिवे यांच्या गप्पा रंगतात. आणि कोणाचा भाऊ वा मेहुणा विलायतेला गेलेला असेल तर तिकडे मोटार कशी चालवितात हाही विषय निघतो. इंजिनाविषयी ही मंडळी अधिकारवाणीने बोलतात. मोटारीच्या कागदांविषयी मात्र त्यांना फारशी आस्था नसते, आणि सीमेवर राहणाऱ्याला अडविले जाते ते बहुधा कागदापाशीच.

हा मुलूखच सीमेने घडविलेला आहे. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत नागपूर ही मध्यप्रदेशाची राजधानी होती आणि सौसर-पांढुर्ण्याची माणसे कोर्टकचेरीला, बाजाराला, इस्पितळाला तिकडेच जात. दुसऱ्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्ह्यातील या मराठी तहसिली मध्यप्रदेशातच राहिल्या आणि राजधानी भोपाळला गेली. रस्ता होता तोच राहिला. संत्र्यांच्या पेट्या घेऊन नागपूरच्या बाजाराला निघालेला ट्रक मात्र आता परराज्यात जाऊ लागला. एका राज्याचा वाहतूक परवाना दुसऱ्या राज्यात चालावयाचा तर तेथील अधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागे, असा १९३९ च्या मोटार कायद्याचा दंडक होता. राज्ये पुन्हा आखणाऱ्यांना याची जाणीव होती, हे त्यांच्या श्रेयाचे म्हटले पाहिजे. जुने परवाने त्यांच्या मूळ क्षेत्रात तसेच चालू राहतील, अशी तरतूद पुनर्रचनेच्या कायद्यातच करण्यात आली.

खाजगी मोटारीला तेवढाही जाच नाही. चालकाचे लायसन्स आणि वाहनाची नोंदणी ही दोन्ही भारतभर चालतात. सौसरहून रोज नागपूरला जाऊन संध्याकाळी घरी परतणाऱ्याने निश्चिंत असावे. पण मुलाला नागपुरात नोकरी लागली, त्याने तेथे बिऱ्हाड केले आणि वडिलांची ‘एम.पी. २८’ पाटीची गाडी दाराशी ठेवली, तर गोष्ट बदलते. वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक ठेवले तर तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो, असे १९८८ च्या कायद्याचे ४७ वे कलम सांगते. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आणावयाचे, नव्या राज्यात कर भरावयाचा आणि जुन्या राज्याकडे उरलेल्या कराचा परतावा मागावयाचा. हा परतावा मागण्याचा कंटाळा पुष्कळांना महागात पडतो. वारंवार बदली होणाऱ्या सरकारी नोकरांसाठी, तसेच चार वा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या खाजगी कंपन्यांच्या नोकरांसाठी सप्टेंबर २०२१ पासून ‘बी.एच.’ मालिकेचा क्रमांक निघाला आहे. तो घेणाऱ्यास राज्य बदलले तरी पाटी बदलावी लागत नाही.

१ जुलै २०२४ पासून मध्यप्रदेशाने आपल्या सीमेवरील परिवहन तपासणी नाकी बंद केली. तेव्हा आता सीमाच उरली नाही, अशी अनेकांनी सोयीस्कर समजूत करून घेतली. नाका उठला, कायदा उठला नाही.

आता शृंगाराकडे वळू. कारखानदाराने नमूद केलेला आणि नोंदणी पुस्तकात लिहिलेला तपशील एक, आणि रस्त्यावरील वाहन दुसरेच, असे होता कामा नये, हे ५२ व्या कलमाचे सार आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळातील एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य फेरफाराला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरविली. सर्वच बदल निषिद्ध आहेत असे नव्हे. मान्यताप्राप्त सी.एन.जी. संच रीतसर बसवून त्याची नोंद पुस्तकात करून घेता येते. विमा कंपनीलाही हे कळविलेले बरे. अपघात झाल्यावर तिचा माणूस पाहावयाला येतो तेव्हा सबबी चालत नाहीत.

कित्येकांना हा नियम म्हणजे सरकारी हट्ट वाटतो. पुढच्या बंपरवर बसविलेल्या जाड लोखंडी गार्डचे उदाहरण घ्यावे. आधुनिक मोटारीचा पुढचा भाग धडकेत मुद्दाम चुरगळावा असा घडविलेला असतो, कारण त्या चुरगळण्यातच धक्का जिरतो आणि तो किती मोठा हे ओळखून हवेची उशी उघडते. गार्ड तो धक्का थेट सांगाड्यावर नेतो. उशी वेळेवर उघडेल याचा मग भरवसा राहत नाही, आणि समोर आलेल्या पादचाऱ्याला तर ते लोखंड अधिकच घातक ठरते. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना या गार्डांविरुद्ध कारवाई करण्यास कळविले ते याच कारणाने.

दिव्यांचेही असेच आहे. आपण डाव्या बाजूने वाहन हाकतो, म्हणून खाली केलेल्या दिव्याचा झोत किंचित डावीकडे, रस्त्याच्या कडेला झुकविलेला असतो. समोरून येणाऱ्याचे डोळे त्यामुळे वाचतात. जुन्या दिव्याच्या खोबणीत भलताच प्रखर बल्ब कोंबला की तो झोत विस्कटतो. सौसरहून छिंदवाड्याला जाताना सिल्लेवानी घाटात रात्रीच्या वेळी समोरून असा दिवा आला, तर वळण कोठे आहे तेच क्षणभर कळत नाही.

दिव्याचा हा झुकाव इंग्रज मोटारवाल्यालाही सांभाळावा लागतो. तोही डावीकडून हाकतो, पण खाडी ओलांडून फ्रान्सला उतरला की रस्ता उजवा होतो. झोत वळविणारी पट्टी दिव्यावर चिकटविल्यावाचून त्याला पुढे जाता येत नाही. हे जुनेच. ब्रिटनने ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघ सोडला आणि वर्षअखेर संक्रमणाचा काळ संपला, तेव्हा याच्या जोडीला कागदांचे कोडे आले. विम्याचे ‘ग्रीन कार्ड’ बाळगण्याची अट आली, ती २ ऑगस्ट २०२१ पासून गेली. मोटारीमागची ‘जी.बी.’ अक्षरे २८ सप्टेंबर २०२१ पासून जाऊन ‘यू.के.’ आली.

प्रवाशांवर हे थोडक्यात निभावले. खरी झळ स्पेनमध्ये घर करून राहिलेल्या ब्रिटिशांना लागली. १ मे २०२२ पासून त्यांचे ब्रिटिश लायसन्स तेथे चालेनासे झाले. ते बदलून देण्याचा करार १६ मार्च २०२३ रोजी अमलात आला. मधल्या साडेदहा महिन्यांत, ज्यांनी आधी लायसन्स बदलून घेतले नव्हते आणि स्पेनची परीक्षाही दिली नव्हती, त्यांची मोटार दारात उभी राहिली. त्यांत दूर खेड्यात राहणारी वृद्ध माणसेही होती. त्यांचा बाजार आणि दवाखाना मोटारीवाचून अडला. १९५६ साली जुन्या परवान्यांची जी तजवीज येथे आधीच झाली होती, तशी लायसन्सच्या बाबतीत तेथे वेळेवर झाली नाही.

पांढुर्ण्याचा मुलगा शिकावयाला किंवा नोकरीला इंग्लंडला गेला, तर भारतीय लायसन्सवर त्याला तेथे लहान मोटार बारा महिने चालविता येते. नागपुरात गाडीला जी मुदत, तीच तेथे चालकाला. त्यानंतर भारतीय लायसन्स बदलून मिळत नाही. तेथील लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते, आणि ती सोपी नाही. इतर कित्येक देशांत आंतरराष्ट्रीय परवाना मागतात. तो येथील परिवहन कार्यालयातूनच काढावयाचा असतो, त्याची मुदत एक वर्षाची असते, आणि मूळ लायसन्स सोबत नसेल तर त्याचा उपयोग होत नाही. तेव्हा अर्ज करावयाचा तो विमानाचे तिकीट काढण्याच्या सुमारासच करावा.