गोवळकोटचा धक्का आणि चिपळूणचे उत्तरदायित्व



नदीकाठचे गाव नदीकडे पाठ फिरवून फार काळ सुखाने नांदू शकत नाही. चिपळूणने हा धडा मोठी किंमत मोजून घेतला आहे. सह्याद्रीत उगम पावणारी वाशिष्ठी चिपळूणवरून पश्चिमेस वाहत जाते आणि दाभोळजवळ सागरास मिळते. भरतीचे पाणी या नदीत दूरवर आत चढते. त्याच पाण्याच्या आधाराने गोविंदगडाच्या पायथ्याशी गोवळकोटचे बंदर नांदते झाले. समुद्रमार्गे आलेला माल येथे उतरे आणि कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडकडे जाई. देशावरचा माल त्याच वाटेने खाली येई. चिपळूणच्या बाजारपेठेला बरकत आली ती या धक्क्यामुळे.

पुढे मोटारींचे रस्ते झाले. 1998 मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली. नदीत गाळ साचत गेला आणि धक्का ओस पडला. ही हानी केवळ व्यापाराची मानणे चुकीचे ठरेल. पात्र कोठे उथळ झाले, प्रवाह कोणत्या अंगाला सरकला, हे रोज होडी हाकणाऱ्याला प्रथम कळते. धक्क्यावरचा राबता थांबला, तशी नदीवरची समाजाची नजरही उठली.

26 जुलै 2005 च्या महापुराने पहिला इशारा दिला. 22 जुलै 2021 रोजी तर सारी बाजारपेठ पाण्याखाली गेली. 1864 मध्ये स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराच्या ग्रंथसंपदेचीही अपार हानी झाली. त्यानंतर मात्र नागरिक स्वस्थ बसले नाहीत. त्याच वर्षाच्या अखेरीस गाळ काढण्याच्या मागणीसाठी साखळी उपोषण झाले. पुढे शासनाने हे काम हाती घेतले आणि ‘नाम फाउंडेशन’सारखी संस्था त्यात सहभागी झाली. समाज संघटितपणे उभा राहिला की यंत्रणाही हलते, याचा हा अलीकडचा दाखला होय.

आता जुना धक्का पुन्हा लोकांच्या उपयोगात आणावयाचा, तर तो कसा? सोपा मार्ग सर्वांना ठाऊक आहे : काठावर भराव घालावा, वर रंगीत फरशी बसवावी, दिव्यांची रांग लावावी आणि उद्घाटनाची कोनशिला उभारावी. परंतु भरावाने पात्र अरुंद होते आणि अरुंद पात्र पुढच्या पुराला निमंत्रण देते. म्हणून पहिला नियम असा की नदीची एक वीतही जागा घेऊ नये. जांभ्या दगडाच्या उतरत्या पायऱ्या असाव्यात, पुराचे पाणी त्यांवरून येऊन ओसरून जावे. 2005 आणि 2021 च्या पूररेषा तेथेच दगडात कोराव्यात. लहान मुलाला एका दृष्टिक्षेपात कळेल, असा तो इतिहास होईल.

दुसरा नियम हक्काचा आहे. खाडीवर पिढ्यान् पिढ्या जगणाऱ्या भोई-खारवी कुटुंबांना होड्या लावण्यास आणि जाळी सुकविण्यास जागा राखून ठेवावी. फिरावयास येणाऱ्यांसाठी राबणाऱ्यांना हटविणे हा न्याय नव्हे. औद्योगिक सांडपाण्याविषयी खाडीतील मासेमार वर्षानुवर्षे दाद मागत आले आहेत, तिकडेही लक्ष द्यावे लागेल. घाण पाण्याच्या काठी सुंदर बाके मांडून काय साधणार?

तिसरा नियम उपयोगाचा. दाभोळ खाडी-वाशिष्ठी हा सुमारे 45 किलोमीटरचा मार्ग 2016 च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 28 ठरला आहे. दाभोळ-धोपावे फेरीबोट 2003 मध्ये सुरू झाली आणि लोकांनी ती आपलीशी केली. वाशिष्ठीतील मगरी पाहण्यासाठी पर्यटक येतात. जलमार्ग कागदावरून पाण्यावर उतरायचा, तर उतरण्यास पक्का धक्का हवा आणि धक्क्यापर्यंत खोल पाणी हवे. गाळाची चिंता दरवर्षी वाहणारे कोणीतरी हवे.

हे ‘कोणीतरी’ म्हणजे केवळ नगरपरिषद नव्हे. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर शाळा, वाचनालये, व्यापारी आणि मच्छीमार यांनी एकत्र जमून पात्राची पाहणी करावी, नोंद ठेवावी आणि ती जाहीर वाचून दाखवावी. दगडी बांधकाम एका हंगामात उभे राहील. ही शिस्त रुजण्यास काही वर्षे लागतील. तिचा आरंभ येत्या पावसाळ्यापूर्वी व्हावा.