नामांकितांनीं उघड सांगितलेंच पाहिजे काय?

श्रोतेहो, सौंदत्तीच्या यात्रेहून परतणारा जोगता आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल: अंगावर लुगडें, कपाळीं भंडारा, डोक्यावर देवीचा जग. आपण कोण हें त्याला कोणास सांगावें लागत नाहीं. गांवानें तें केव्हांच ठरवून टाकलेलें असतें. आपल्याच जिल्ह्याचे कादंबरीकार राजन गवस यांनीं ‘भंडारभोग’ या कादंबरींत हें जिणें रंगविलें आहे. प्रत्येक जोगत्याचें आकर्षण समलिंगीच असतें असें मुळींच नव्हे. परंतु त्याच्या आयुष्याला पडदा नाहीं, एवढेंच मला दाखवावयाचें आहे.

ज्यांच्या घरांना पडदे आहेत अशा पुढाऱ्यांनीं, नटांनीं, साहित्यिकांनीं आपलें आकर्षण समलिंगी असल्यास तें जाहीर केलेंच पाहिजे काय, हा आजचा प्रश्न. गरीब तेवढा उघडा पडावा आणि थोरानें झांकून राहावें हा न्याय नव्हे, असें पुष्कळ तरुण म्हणतात, व त्यांच्या म्हणण्यांत तथ्य आहे. पुण्याचे बिंदुमाधव खिरे यांनीं स्वतःविषयीं कांहीं न लपवितां २००२ सालीं ‘समपथिक ट्रस्ट’ स्थापिला, मराठींत पुस्तकें लिहिलीं. खोलीला कडी लावून बसलेल्या एखाद्या मुलाला ‘मी एकटा नाहीं’ हें त्यामुळें आपल्या भाषेंत कळलें. हें स्वखुषीचें दान आहे. तें सक्तीनें वसूल करूं लागलें म्हणजे मात्र निराळी गोष्ट झाली.

कारण किंमत कोण देतो? दिल्ली उच्च न्यायालयानें २००९ सालीं हा संबंध गुन्हा नव्हे असें ठरविलें, तेव्हां कित्येकांनीं धीर करून तोंड उघडलें. ११ डिसेंबर २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो निकाल फिरविला, आणि तीं बोललेलीं माणसें एका दिवसांत पुन्हां गुन्हेगारांच्या रांगेंत उभीं राहिलीं. सुटका झाली ती ६ सप्टेंबर २०१८ रोजीं. त्यानंतरचीही हकीकत ऐका. ज्येष्ठ वकील सौरभ कृपाल यांची दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठीं शिफारस झाली. त्यांच्याविरुद्ध आक्षेप दोन: सहचर स्विस नागरिक आहे, आणि ते स्वतःविषयीं उघडपणें बोलतात. सर्वोच्च न्यायालयाच्या निवडमंडळानें जानेवारी २०२३ मध्यें हा मोकळेपणा त्यांस भूषणावहच आहे असें नमूद करून शिफारस पुन्हां केली. तरी मौन पाळणाऱ्यावर हा दुसरा आक्षेप आलाच नसता, हें विसरतां येत नाहीं.

आतां राजारामपुरींतील एखादा नामांकित डॉक्टर डोळ्यांपुढें आणा. तो बोलला तर बोल एकट्या त्याला लागत नाहीं. म्हाताऱ्या आईला लागतो, भाचीचें ठरत आलेलें लग्न अडतें. असें होऊं नये हें खरें, पण होतें. मग वेळ कोणीं ठरवावी, त्यानें कीं आपण?

एक अपवाद मला छळतो. जो स्वतः तसा असून व्यासपीठावरून अशाच माणसांची निंदा करतो, त्याचाही पडदा राखावा काय? मन डळमळतें. तरीही त्याच्या निंदेचें खंडन त्याच्या शेजघरांत न डोकावतां करतां येतें, असें मी म्हणेन.

नामांकितांकडे माझें मागणें दुसरेंच आहे. र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकांत वाचकांच्या कामविषयक प्रश्नांना उत्तरें देत. त्यांत समलिंगी संबंधाचाही प्रश्न असे. त्या उत्तरांवरून १९३४ सालीं त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, व डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. दोघांपैकीं कोणासही स्वतःविषयीं कांहीं कबूल करावें लागलें नाहीं. दुसऱ्याच्या बाजूनें बोलावें मात्र लागलें. खटला हरला. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला, आणि मासिक त्यांनीं १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत चालविलें.