सृष्टीला कुंपण घालणारे आपण कोण?



टोंकखुर्द हे देवास जिल्ह्यातलं तहसिलीचं गाव. काळी जमीन, खरिपाला सोयाबीन, रब्बीला गहू-हरभरा, असं इथलं जगणं. अशा गावात ‘परग्रहावर बुद्धिमान जीव आहेत का, आणि असले तर ख्रिस्ती माणसाने काय म्हणावं’ हा विषय ठरला, तेव्हा काही हितचिंतकांनी विचारलं की सोयाबीनला भाव नाही, पोरांना नोकऱ्या नाहीत, मग हे आभाळातलं कशाला काढता? त्यांची कळकळ खरी आहे. पण आमची मुलं रोज रात्री मोबाइलवर उडत्या तबकड्या बघतात आणि रविवारी संडे स्कूलमध्ये विचारतात, ‘येशू त्यांच्यासाठीपण मेला का?’ मोठी माणसं त्यांना गप्प बसवतात. प्रश्न विचारला म्हणून गप्प बसवलेलं मूल पुढे मंडळीत दिसेनासं होतं, हे इथल्या प्रत्येक पाळकाला ठाऊक आहे. म्हणून हे संमेलन.

विषय वाटतो तितका आपल्या मातीला परका नाही. देवास हे पूर्वी पवारांचं राज्य होतं. तुकोजी आणि जिवाजी या दोन भावांची थोरली पाती आणि धाकटी पाती, म्हणजे राज्याच्या दोन शाखा, एकाच गावात नांदल्या, आणि त्यांच्यामुळेच इथे मराठी घरं रुजली. थोरल्या पातीच्या तिसऱ्या तुकोजीरावांकडे १९२१ साली खासगी चिटणीस म्हणून आला होता इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर. १९१२च्या नाताळातही तो देवासला येऊन गेला होता. त्याच्या १९२४च्या ‘अ पॅसेज टू इंडिया’ या कादंबरीत दोन मिशनरी आहेत, एक वयस्क, एक तरुण. पित्याच्या घरी सर्वांना जागा आहे असं ते शिकवतात. मग कुणीतरी विचारतं, माकडांना? तरुण मिशनरी म्हणतो, का नसावी? कोल्ह्यांना? तो थोडा अडखळतो. गांधीलमाशीपाशी तो अस्वस्थ होतो. पुढे संत्री, निवडुंग, स्फटिक, चिखल आणि शेवटी सूक्ष्मजंतू येतात, आणि तिथे त्याचा धीर सुटतो. कुणाला तरी बाहेर ठेवलंच पाहिजे, नाहीतर आपल्या हाती काय उरणार, अशी त्याची भीती. फॉर्स्टरने हे टिंगलीच्या सुरात लिहिलं, पण त्याने नेमकं दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं. देवाच्या दयेची हद्द कुठे, आणि ती आखायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? आजचा विषय हाच आहे. फक्त माकडाच्या जागी परग्रहवासी आला आहे.

आकाशाचं वेड तर माळव्याला जुनंच. उज्जैनची वेधशाळा जयपूरच्या सवाई जयसिंगाने बांधली, तो माळव्याचा सुभेदार असताना. या राजाने फादर मॅन्युएल दि फिगेरेदो या जेझुइट धर्मगुरूला पोर्तुगालला पाठवून तिकडची ग्रहगणिताची कोष्टकं मागवली. १७३४मध्ये चंदननगरहून फादर बूदिए आणि त्यांचे सोबती वेध घेत घेत जयपूरला पोचले. हिंदू राजा आणि ख्रिस्ती धर्मगुरू एकाच आकाशाकडे एकत्र बघत होते आणि दोघांपैकी कुणाचीही श्रद्धा त्यामुळे ढासळली नाही. आज उज्जैन जिल्ह्यात महिदपूरजवळ डोंगला इथे कर्कवृत्तावर वेधशाळा उभी आहे. आपल्या मंडळ्यांनी मुलांची सहल एकदा तिथे न्यावी, एवढंच सुचवतो.

विज्ञान आज काय म्हणतं ते विज्ञानसत्राचे वक्ते माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. मी मोजकंच बोलतो. १९९५मध्ये मिशेल मायोर आणि दिदिए केलो यांना सूर्यासारख्या एका ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह सापडला. आज सूर्यमालेबाहेरचे सहा हजारांवर ग्रह पक्के झाले आहेत, आणि त्यांतले काही आपल्या अबूच्या गुरुशिखरावरून, अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी शोधले. एकट्या आपल्या आकाशगंगेत शंभर अब्जांहून अधिक तारे आहेत. डॉ. जयंत नारळीकरांनी हा प्रश्न मराठी घरांत आणला, कथा-कादंबऱ्यांतून आणला आणि प्रयोगशाळेतूनही. त्यांच्या पुढाकाराने २००१ आणि २००५मध्ये हैदराबादहून फुगे सोडून वीस ते चाळीस किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली. २००५च्या नमुन्यांत जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. ते जिवाणू पृथ्वीबाहेरून आले असं मात्र सिद्ध झालं नाही, आणि त्या शास्त्रज्ञांनी तसा दावाही केला नाही. ही सचोटी आपण त्यांच्याकडून शिकावी. १९६०मध्ये फ्रँक ड्रेकने दोन ताऱ्यांकडे रेडिओ दुर्बीण वळवली, तेव्हापासून आजवर बुद्धिमान जीवाचा एकही खात्रीचा संदेश आलेला नाही.

आता आपल्या घरात येऊ. चर्च पहिल्यापासून या कल्पनेच्या विरोधात होतं, असं सर्रास सांगितलं जातं. इतिहास इतका सरळ नाही. जग एकच असू शकतं, हे अ‍ॅरिस्टॉटलचं मत होतं. १२७७मध्ये पॅरिसचे बिशप एतियेन तांपिए यांनी २१९ विधानं निषिद्ध ठरवली, आणि देव एकाहून अधिक जगं निर्माण करू शकत नाही हे विधान त्यांत होतं. देवाच्या हाताला दोरी बांधू नका, असं बिशपांनी तत्त्वज्ञांना बजावलं. क्यूसाचे निकोलस यांनी १४४०मध्ये लिहिलं की इतर ताऱ्यांवरही रहिवासी असू शकतील. पुढे त्यांना कार्डिनल केलं गेलं. फ्रान्सिस्कन संन्यासी विल्यम ऑफ व्होरिलाँग १४६३मध्ये वारले. आमच्या संडे स्कूलमधल्या पोराचा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला होता. त्यांचं उत्तर असं की ते जीव आदामाचे वंशज नसतील, म्हणून आदामाचं पाप त्यांच्या माथी नाही, आणि ख्रिस्ताचं मरण मात्र कितीही जगं असली तरी पुरेसं आहे.

दुसरी बाजूही झाकू नये. ल्यूथरचे सहकारी मेलांख्थन यांनी अनेक जगांची कल्पना नाकारली, कारण पुत्र एकदाच मेला आणि एकदाच उठला. आणि १६०० साली रोममध्ये जोर्दानो ब्रूनोला जिवंत जाळलं. त्याच्यावरच्या आरोपांत अनेक विश्वांचं मत होतं, तसा त्रैक्याचा आणि ख्रिस्ताच्या देवत्वाचा नकारही होता. आरोप कोणते का असेनात, मतासाठी माणूस जाळणं हे पाप होतं आणि चर्चच्या नावावर ते आहे.

सर्वांत धारदार हल्ला झाला १७९४मध्ये, टॉमस पेनकडून. त्याचं म्हणणं असं की असंख्य जगांचा कारभार पाहणारा देव ती सगळी सोडून या एका ठिपक्यावर मरायला येईल हे हास्यास्पद आहे. या प्रश्नाने पुष्कळ तरुणांची श्रद्धा आजही डळमळते, म्हणून त्यावर थांबतो. ग्लासगोच्या ट्रॉन चर्चमध्ये टॉमस चामर्स यांनी त्याला व्याख्यानांतून उत्तर दिलं आणि ती १८१७मध्ये छापली गेली. त्यांचेच शिष्य अलेक्झांडर डफ १८३०मध्ये मिशनरी म्हणून कोलकात्याला आले, तेव्हा हा वाद भारतातल्या मिशनच्या घरातलाच आहे. चामर्स म्हणाले, तुम्ही दुर्बिणीतून बघता आणि पृथ्वी क्षुद्र म्हणता. मग सूक्ष्मदर्शकातूनही बघा. एका थेंबातल्या जीवाचीही ज्याने इतक्या निगुतीने घडण केली, त्याला लहान गोष्टींकडे लक्ष द्यायला वेळ नसेल असं कशावरून?

मला यात आणखी एक घालायचं आहे. पेन देवाला मोठ्या साहेबासारखा समजतो, जो मोठ्या शहरातच दौऱ्याला येतो. शास्त्रलेखातला देव तसा कधीच वागला नाही. मीखा संदेष्टा बेथलेहेमचं नाव घेतो ते यहूदातलं अगदी लहान गाव म्हणून. देव मिसर-बाबेलसारखी साम्राज्यं सोडून गुलामांच्या टोळीकडे गेला, आणि राजवाडा सोडून गोठ्यात आला. तेव्हा शंभर अब्ज ताऱ्यांतून त्याने एका किरकोळ ताऱ्याचा एक ग्रह निवडला असेल, तर ते त्याच्या स्वभावाला धरूनच आहे. पृथ्वी लहान ठरली म्हणून सुवार्ता खोटी पडत नाही.

आणि सगळी सृष्टी माणसासाठीच, हा गैरसमजही सोडायला हवा. त्यासाठी धार जिल्ह्यात जावं लागेल. बाग-कुक्षीच्या परिसरात डायनासोरची ९२ घरटी आणि २५६ अंड्यांचे जीवाश्म सापडल्याचं २०२३च्या जानेवारीत प्रसिद्ध झालं. त्याच भागातल्या पाडल्या गावात लोक शेतात मिळालेले गोल दगड काकड भैरव म्हणून पुजत होते, शेताचं आणि गुरांचं रक्षण करणारा देव म्हणून. तज्ज्ञांनी पाहिलं तेव्हा ती डायनासोरची अंडी निघाली. पुजणाऱ्यांना कुणी हसू नये. त्यांनी ती जपली म्हणून ती उरली. त्या गोळ्यांतला जीव सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा. त्याला पाहायला माणूस नव्हता, नाव द्यायला आदाम नव्हता. तरी देवाने तो घडवला. ईयोबाच्या पुस्तकात देव बोलू लागतो तेव्हा अध्यायच्या अध्याय माणसाला बाजूला ठेवून रानगाढव, गरुड आणि अजस्र प्राण्यांबद्दल बोलतो, आणि त्यात त्याचा आनंद दिसतो. जो आपल्या पायाखालच्या मातीत इतका काळ आपल्यावाचून रमला, तो दुसऱ्या ताऱ्यापाशी रमला नसेलच, असं मी तरी म्हणणार नाही.

मग तारणाचं काय? काही उत्साही वक्ते योहानाच्या दहाव्या अध्यायातली दुसरी मेंढरं म्हणजे परग्रहवासी असं सांगतात. ते बरोबर नाही. ती दुसरी मेंढरं म्हणजे यहूदी नसलेले लोक, म्हणजे तुम्ही आणि मी, माळव्यातली आणि महाराष्ट्रातली माणसं. शास्त्रलेख जिथे गप्प आहे तिथे त्याच्या तोंडी आपले शब्द घालू नयेत. पण एक गोष्ट आपण विसरतो. माणूस नसलेले बुद्धिमान जीव ख्रिस्ती श्रद्धेने पूर्वीपासून मानले आहेत. देवदूत आहेतच की! इब्रीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात स्पष्ट आहे की ख्रिस्ताने साहाय्याचा हात दिला तो देवदूतांना नव्हे, अब्राहामाच्या संतानाला. म्हणजे देवापाशी त्यांचा हिशेब वेगळा, आपला वेगळा, आणि तो आपल्याला पूर्ण उलगडून सांगितलेला नाही. तिसऱ्या कुणाचा आणखी वेगळा असू शकेल. ते निष्पाप असतील, कदाचित आपल्यासारखे पडलेलेही असतील. माझी स्वतःची धारणा कलस्सैकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायावर उभी आहे. वधस्तंभावरच्या रक्ताने पृथ्वीवरचं आणि स्वर्गातलं सर्व काही समेटात आलं, असं पौल लिहितो. म्हणून देहधारण एकदाच झालं आणि ते पुरेसं आहे, असं मी मानतो. यावर इथल्या विद्वानांचं दुमत असेल तर ते मोकळेपणाने मांडावं.

व्हॅटिकन वेधशाळेचे तेव्हाचे संचालक फादर फुनेस २००८मध्ये परग्रहवासीयाला भाऊ म्हणाले. पोप फ्रान्सिस यांनी १२ मे २०१४च्या प्रवचनात विचारलं, मंगळावरून कुणी आला आणि बाप्तिस्मा मागू लागला तर? वर्तमानपत्रांनी मंगळ उचलला. प्रवचन होतं पेत्र आणि कर्नेल्य यांच्यावर, परक्याला दार बंद करणाऱ्यांवर. हा प्रश्न चर्चपुढे एकदा खरोखरच उभा राहिला होता. युरोपला समुद्रापलीकडची माणसं भेटली तेव्हा ती पूर्ण माणसं आहेत का, यावर वाद झाला. १५३७मध्ये तिसऱ्या पॉल पोपने ती खरी माणसं आहेत, त्यांना गुलाम करू नये, असं जाहीर केलं. फर्मान निघालं, तरी लूट थांबली नाही. आकाशातल्या परक्याचं स्वागत करायला निघालेल्यांनी हे विसरू नये.

आणि आपल्याच जिल्ह्यातलं उदयनगर विसरू नये. केरळहून आलेल्या सिस्टर राणी मारिया तिथल्या कर्जात बुडालेल्या शेतमजुरांच्या बाजूने उभ्या राहिल्या. २५ फेब्रुवारी १९९५ला त्यांना भोसकून मारलं. त्यांच्या बहिणीने तुरुंगात जाऊन खुन्याला राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ला इंदूरमध्ये सिस्टरांना धन्य घोषित करण्यात आलं. परक्याला भाऊ म्हणणं म्हणजे काय, हे शिकायला आपल्याला दुसऱ्या ग्रहावर जावं लागत नाही.

मंडळी, व्यवस्थेत जे उणं राहील ते पोटात घाला. दुपारी दाल-बाफले आहेत, कुणी न जेवता जाऊ नये. रात्री जेवणानंतर मागच्या शेतात दुर्बीण लावणार आहोत. थंडी आहे, शाल बरोबर असू द्या. वडीलधाऱ्यांना हात जोडून विनंती आहे की दोन्ही दिवस मुलांना पुढे बसू द्या, त्यांना विचारू द्या, आणि उत्तर ठाऊक नसेल तिथे ‘ठाऊक नाही’ असं त्यांना सांगा. आपल्या सर्वांचं मनःपूर्वक स्वागत करून मी संमेलनाध्यक्षांना सूत्रं हाती घेण्याची विनंती करतो.