यंत्र घरचे, किल्ली कोणाची?



आपले मालेगाव यंत्रमागांचे. बिघडलेला माग टाकून देण्याची रीत येथे नाही. कारागीर तो उघडतो, झिजलेला भाग बदलतो आणि माग पुन्हा खडखडू लागतो. मग घरातला संगणक तेवढा दूरच्या कंपनीने 'जुना' म्हणताच अडगळीत का जावा? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा विनामूल्य पाठिंबा संपला. नव्या प्रणालीच्या अटींत न बसणारी असंख्य यंत्रे एका दिवसात म्हातारी ठरली. वस्तुतः त्यांचा एक स्क्रूही त्या दिवशी झिजला नव्हता!

या अडचणीवर एक उपाय आहे, तो लिनक्सचा. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त प्रणालीचा संकल्प जाहीर केला. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने प्रणालीचा गाभा लिहिला, आणि पुढे तो कोणीही वाचावा, बदलावा, वाटावा अशी मुभा दिली. म्हणून गाभा एक, पण त्याभोवती प्रणाली अनेक. १९९३ ची डेबियन, तिच्या पायावर २००४ साली उभी राहिलेली उबुंटू, आणि आपल्या सी-डॅक संस्थेची बॉस. सूत तेच, कोणी त्याची साडी विणतो, कोणी धोतर.

यांतली निवडावी कोणती? माझे उत्तर असे, की करून पाहावे. पेनड्राइव्हवरून प्रणाली सुरू करता येते. मूळ डिस्कला हात लागत नाही. चालू प्रणालीच्या पोटातच दुसरा आभासी संगणक मांडता येतो. किंवा डिस्कचे भाग पाडून दोन-तीन प्रणाली शेजारी शेजारी ठेवता येतात. यंत्र सुरू होताना ते विचारते, 'आज कोणती?' मात्र डिस्कला हात लावण्यापूर्वी कागदपत्रांची आणि छायाचित्रांची प्रत वेगळी काढून ठेवावी. हा नियम मोडू नये.

पुढची पायरी जाळ्याची. घरातील राउटर प्रत्येक यंत्राला बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा क्रमांक देतो. हेच क्रमांक लाखो घरांत असतात, तरी घोटाळा होत नाही. कारण ते घराबाहेर जात नाहीत. 'पिंग' ही आज्ञा देऊन एका यंत्राने दुसऱ्याला हाक मारावी. आभासी संगणक बाहेर पोहोचतो, पण शेजारच्या यंत्राची हाक त्याला ऐकू येत नाही, असे पुष्कळदा घडते. तो बिघाड नव्हे. मूळ यंत्र त्याच्यापुढे पडदा धरून उभे असते. जोडणीचा प्रकार 'ब्रिज' केला की तो घरच्या जाळ्यात सर्वांच्या बरोबरीने येऊन बसतो. एवढे समजले की आंतरजालाचे निम्मे गूढ उकलले.

अडचणी नाहीत असे मी म्हणत नाही. हिशेबाच्या काही प्रचलित आज्ञावली विंडोजवरच चालतात. एखादा प्रिंटर हटून बसतो. दुकानाचे यंत्र बदलण्यापूर्वी हे अवश्य तपासावे. परंतु मुलांच्या अभ्यासाला, लेखनाला, प्रयोगाला जुने यंत्र पुरेसे आहे.

२०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालत आले आहे. तोच गाभा आपल्या माळ्यावरच्या संगणकात चालू शकतो, आणि तो उघडून पाहण्यास कोणाची मनाई नाही. माग उघडणाऱ्या कारागिरांच्या गावातील मुलांनी यंत्राचे केवळ गिऱ्हाईक का राहावे? या सुटीत ते यंत्र खाली उतरवा, धूळ झटका आणि मुलांच्या हाती द्या, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.